टॅब दाबला की नुसती मोकळी जागा येते, फाइलचं नाव पूर्ण होत नाही – मदत हवी

पुस्तकवेडा

नमस्कार मंडळी, मी लिनक्समध्ये नवीन आहे, चारपाच महिनेच झालेत, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक असला तर समजून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. तिथले जुने दिवाळी अंक आणि काही हस्तलिखितं आम्ही तिघंचौघं मिळून स्कॅन करतोय. सगळं एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतो, उबुंटू आहे, खिडक्या माउस काही नाही, नुसती काळी स्क्रीन आणि कमांड. आत्तापर्यंत मी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मुख्य युझर, म्हणूनच लॉगिन करत होतो. एका मित्राने शिकवलं होतं की फाइलचं पहिलं एकदोन अक्षर टाइप करायचं आणि टॅब दाबायचा, पुढचं नाव आपोआप येतं. ती एक गोष्ट कळल्यावर माझं निम्मं काम हलकं झालं होतं, कारण आमच्या फोल्डरची नावं मराठीत आहेत आणि लांबलचक आहेत, ग्रंथपाल काकांचा तसा आग्रहच आहे आणि मला तो पटतो, उद्या दुसरं कोणी बघेल त्याला नाव वाचून कळलं पाहिजे ना.

मग इथेच कुठेतरी वाचलं की रोजचं काम रूटने करू नये. म्हणून काल युझरॲड कमांडने नवीन युझर केला, हायफन एम लावून, म्हणजे होम फोल्डर पण तयार झालं, पासवर्ड दिला, लॉगिन झालं. आणि आता टॅब चालतच नाही! सीडी (फोल्डरमध्ये जायची कमांड) लिहून दोन अक्षरं टाकून टॅब दाबला की कर्सर फक्त पुढे सरकतो, मधे मोकळी जागा पडते, बास. मागची कमांड आणायला वरचा ॲरो दाबला तर टोपीसारखं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि इंग्रजी ए असलं काहीतरी उमटतं. आणि आधी ओळीच्या सुरुवातीला युझरचं नाव, सर्व्हरचं नाव, फोल्डर असं सगळं दिसायचं, आता फक्त एक डॉलरचं चिन्ह दिसतं.

रूटने आत गेलो की सगळं पहिल्यासारखं व्यवस्थित. मला वाटलं परमिशनचा काही प्रकार असेल म्हणून सुडोच्या, म्हणजे रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या, ग्रुपमध्ये पण टाकून बघितलं, काही फरक नाही. परत रूटनेच काम करू का? करायची इच्छा नाही, पण एकेक नाव हाताने पूर्ण टाइप करायचं म्हणजे दिवस जाईल.

काळी_खिडकी

रूटवर परत जाऊ नका, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. आणि माहिती इतकी नीट दिलीत की विचारायला काही उरलंच नाही, विशेषतः तो एकटा डॉलर. त्यावरूनच कळलं.

तुमचा नवीन युझर बॅशमध्ये नाहीये, तो डॅशमध्ये आहे. हे दोन्ही शेल आहेत, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारे प्रोग्राम. खात्री करायची तर इको लिहा, स्पेस, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून शून्य, इंग्रजी आकड्यातला, आणि एंटर. रूटला "-बॅश" असं उत्तर येईल आणि नवीन युझरला "-एसएच". उबुंटूत हे एसएच म्हणजे डॅश असतो.

आता हे असं का. टॅबने नाव पूर्ण करणं हे लिनक्सचं किंवा त्या काळ्या खिडकीचं काम नाही, ते शेलचं काम आहे. बॅशच्या पोटात रीडलाइन नावाची लायब्ररी आहे, तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण आधी तिच्याकडे जातं. टॅब आला की ती ठरवते की हा ओळीतला पहिला शब्द आहे का, असेल तर कमांड शोधायची, नसेल तर फाइल शोधायची, डॉलरने सुरू होत असेल तर व्हेरिएबल शोधायचं. वरचा ॲरो आला की ती मागची कमांड काढून देते. डॅश मुद्दाम छोटा आणि वेगवान ठेवलाय, तो स्क्रिप्ट चालवायला आहे, माणसाने समोर बसून टाइप करायला नाही. उबुंटूने २००६ साली ६.१० या आवृत्तीत एसएचच्या जागी डॅश आणला तो बूट लवकर व्हावं म्हणूनच. उबुंटूतल्या डॅशमध्ये ओळ एडिट करायची सोय बांधलेलीच नसते, त्यामुळे टॅब म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसतं टॅब नावाचं अक्षर, आणि ॲरो म्हणजे टर्मिनलने पाठवलेली तीन अक्षरं, जी तुम्हाला दिसली (पहिलं अक्षर एस्केप, ते टोपी आणि कंस असं उमटतं). परमिशनचा यात काही संबंध नाही, सुडो ग्रुपची गरज नसेल तर त्यातून युझर काढून टाका.

युझरॲडला शेल कुठला ते सांगितलं नाही तर उबुंटूत तो /बिन/एसएच देतो. त्याच्याऐवजी ॲडयुझर वापरलं असतं, म्हणजे ॲड आधी आणि युझर नंतर, तर त्याने चार प्रश्न विचारून बॅशच दिला असता. नावं उलटसुलट असल्यामुळे यात सगळेच फसतात.

उपाय: रूटने लॉगिन करून युझरमॉड, हायफन एस, /बिन/बॅश, आणि शेवटी युझरचं नाव. मग नवीन युझरमधून पूर्ण बाहेर पडून परत लॉगिन करा. तोपर्यंत घाई असेल तर त्या डॉलरपुढे नुसतं बॅश लिहून एंटर मारा, तेवढ्यापुरतं चालेल. तुम्ही हायफन एम लावलात हे चांगलं झालं, .बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) वगैरे फाइल होममध्ये आधीच आलेल्या असतील.

आणखी एक, बॅश-कम्प्लीशन नावाचं वेगळं पॅकेज असतं ते आहे का बघा, नसेल तर एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या कमांडने, टाका. ते नसलं तरी फाइलची नावं पूर्ण होतात, पण सुडोच्या पुढची कमांड, एपीटीच्या पुढचा इन्स्टॉल, गिटच्या पुढचं ब्रँचचं नाव हे सगळं त्या पॅकेजमुळे येतं. स्वस्तातल्या सर्व्हरवर बरेचदा ते टाकलेलं नसतं आणि लोकांना वाटतं टॅब अर्धवट बिघडलाय.

पुस्तकवेडा

काळी खिडकी, तुमचे किती आभार मानू! अगदी तसंच निघालं, इको केल्यावर हायफन एसएच आलं, शेल बदलला, परत लॉगिन केलं आणि नाव, फोल्डर, टॅब, ॲरो सगळं जागेवर. सुडोतून पण काढला.

आता दोन गोष्टी अडल्यात.

पहिली म्हणजे एका फोल्डरमध्ये आमच्या ११८० फाइल आहेत, तिथे दोनदा टॅब दाबला की तो विचारतो सगळ्या ११८० शक्यता दाखवू का, वाय किंवा एन. मी घाबरून एन दाबतो. वाय दाबलं तर काही बिघडेल का?

दुसरी जास्त विचित्र आहे. आमची फोल्डर कपाटांप्रमाणे आहेत, पहिल्या-कपाटातले, दुसऱ्या-कपाटातले, तिसऱ्या-कपाटातले, चौथ्या-कपाटातले. पहिल्या आणि चौथ्या व्यवस्थित होतं. पण सीडी दुसऱ्या लिहून टॅब दाबला की काहीच होत नाही. तिसऱ्याचं पण तेच. एलएस केलं की दोन्ही फोल्डर समोर दिसतायत, डोळ्यांनी बघतोय मी, अक्षर न् अक्षर तेच आहे. पूर्ण नाव हाताने टाइप केलं तरी म्हणतो असं फोल्डरच नाही. बॅशला मराठी नीट येत नाही का? मग पहिल्या आणि चौथ्या कसं चालतं?

नाइटशिफ्ट

वाय दाबलं तर फक्त यादी दिसते, काही बिघडत नाही. पानापानाने येईल, कंटाळा आला की क्यू दाबा. शंभराच्या वर शक्यता असल्या की तो विचारतो, एवढंच. पण यादी वाचण्यापेक्षा एन म्हणून अजून एखादं अक्षर टाइप करून परत टॅब दाबणं बरं. दुसऱ्याचं मलाही कळेना, कोणीतरी सांगा.

अक्षरवेल

मी सांगते. मी मराठी मजकुराच्या दुरुस्तीचं काम करते आणि या ऱ्याने माझे जितके तास खाल्लेत तितके दुसऱ्या कुठल्याही अक्षराने खाल्ले नसतील, त्यामुळे "पहिल्या चालतं, दुसऱ्या नाही" हे वाचल्याबरोबर लक्षात आलं. पहिल्या आणि चौथ्या यात तो अर्धा र नाहीये. दुसऱ्या आणि तिसऱ्या यात आहे.

बॅशला मराठी येतं. खरं तर त्याला भाषा कुठलीच येत नाही, तो फक्त बाइट, म्हणजे अक्षरं ज्या आकड्यांत साठवतात ते, जुळवतो, आणि लिनक्सची फाइल सिस्टिमही तेच करते. आपल्या डोळ्यांना जे एकच अक्षर दिसतं ते कॉम्प्युटरमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलेलं असू शकतं:

एक, युनिकोडमध्ये ऱ हे खालच्या टिंबासकट स्वतंत्र अक्षर आहे, ते आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र दाबला की हे मिळतं.
दोन, साधा र, मग नुक्ता म्हणजे टिंब वेगळं, मग हलन्त.
तीन, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात.

आता हे बघा: दुसऱ्या आणि दुसर्‍या. यातलं पहिलं पहिल्या पद्धतीने लिहिलंय आणि दुसरं तिसऱ्या पद्धतीने. स्क्रीनवर फरक शून्य. पण तुम्ही एका पद्धतीने टाइप करून टॅब दाबलात आणि फोल्डर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर बॅशच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं आहेत, म्हणून तो गप्प बसतो. तो गप्प बसला हे बरोबरच आहे, त्याने तुम्हाला खरं सांगितलं की तुम्ही लिहिलेल्या नावाचं फोल्डर इथे नाही.

तपासायचं असेल तर आधी हाताने इको दुसऱ्या-कपाटातले लिहून पुढे उभी रेघ, डब्ल्यूसी हायफन सी. ही कमांड बाइट मोजते. तुम्ही पहिल्या पद्धतीने टाइप करत असाल तर उत्तर ४७ येईल. आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचं, काना मात्रा वेलांटीसुद्धा प्रत्येकी ३, मधला हायफन १, आणि ओळ संपल्याचा १, असा हिशोब आहे. मग एलएस हायफन डी दु* लिहून त्यालाही तीच उभी रेघ आणि डब्ल्यूसी हायफन सी जोडा. मला वाटतं तिथे ५० येईल. ते जास्तीचे ३ बाइट म्हणजेच तो वेगळा नुक्ता किंवा ते न दिसणारं जोडचिन्ह. दोघांपैकी कुठलं ते बघायला डब्ल्यूसीच्या जागी हेक्सडम्प हायफन कॅपिटल सी लावा. बाइटच्या रांगेत ई२ ८० ८डी दिसलं तर जोडचिन्ह, ई० ए४ बीसी दिसलं तर नुक्ता.

आत्ताच्या आत्ता काम चालवायचं तर दुसऱ्या पूर्ण लिहूच नका. सीडी दु एवढंच लिहा आणि टॅब दाबा. दु मध्ये वादाचं काही नाही, द आणि उकार, ते सगळीकडे सारखंच. पुढचे बाइट टॅब स्वतः फोल्डरच्या नावातून उचलून आणेल, ते ज्या पद्धतीचे असतील त्या पद्धतीचे. मराठी नावांच्या बाबतीत टॅबची खरी किंमत मला इथे वाटते. वेळ वाचतो हे आहेच, पण मुख्य म्हणजे नाव जसं लिहिलंय तसंच हातात येतं, आपल्या कीबोर्डवर अवलंबून राहावं लागत नाही. माझा नियम असा की मराठी फाइलला मी दोन अक्षरांच्या वर कधी टाइप करत नाही.

कायमचा उपाय म्हणजे सगळी नावं एका पद्धतीत आणणं. नुक्त्याचा प्रकार असेल तर कन्व्हएमव्ही नावाचं टूल आहे, त्याला एनएफसी हा पर्याय दिला की र आणि नुक्ता मिळून ऱ करतं. सुरुवातीला ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, नोटेस्ट दिल्याशिवाय खरं बदलत नाही, म्हणून निर्धास्त चालवून बघा. जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्याने सुटत नाही, कारण युनिकोडच्या नियमाने ती दोन रूपं एकमेकांच्या बरोबरीची धरलेली नाहीत. तिथे एमव्हीनेच नाव बदलावं लागेल, जुनं नाव टॅबने घ्यायचं आणि नवीन हाताने टाइप करायचं.

असंच ॲचं आहे. तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही येतो. आणि आकड्यांकडे लक्ष ठेवा, फाइलच्या नावात १९६८ मराठी आकड्यात असेल आणि तुम्ही इंग्रजीत टाइप केलंत तर टॅब अर्थातच गप्प बसणार.

झेडशेलवाला

बॅश सोडा आणि झेडशेल घ्या असं सुचवेन. मॅकवाल्यांनीही २०१९ला कॅटालिना या आवृत्तीपासून तोच डीफॉल्ट केलाय. एकदा कम्प्लीशन चालू केलं की टॅब दाबल्यावर मेनू उघडता येतो, ॲरोने खालीवर जाऊन हवं ते नाव निवडायचं. ११८० फाइलच्या फोल्डरमध्ये खूप सोपं जातं.

काळी_खिडकी

झेडशेल चांगलाच आहे, माझं काही म्हणणं नाही, पण पुस्तकवेडा यांचे तिघंचौघं आहेत आणि सर्व्हर बदलला तरी बॅश सगळीकडे असतोच, त्यामुळे मी म्हणेन आधी बॅश हाताखाली बसू द्या. आणि अक्षरवेल ताई, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवतोय, पंधरा वर्षं लिनक्स वापरतोय पण मराठी नावांचं हे मला ठाऊक नव्हतं.

नाइटशिफ्ट

धागा टॅबवर आहे तर एक गोष्ट सांगतोच, कारण तुमच्याकडे जुनी हस्तलिखितं आहेत आणि ती गेली तर परत यायची नाहीत.

मी एका ठिकाणी रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायचो. एका फोल्डरमध्ये अहवाल आणि अहवाल-जुने अशी दोन फोल्डर होती. मला अहवाल-जुने उडवायचं होतं. रात्रीचे तीन वाजले असतील, आरएम हायफन आर लिहिलं, अह लिहिलं, टॅब दाबला, नाव पूर्ण झालेलं दिसलं आणि एंटर मारला. टॅबने आणलेलं नाव होतं अहवाल. दोन्ही नावांत जेवढं सारखं आहे तेवढंच तो भरतो आणि थांबतो, आणि इथे जेवढं सारखं होतं ते स्वतःच एका फोल्डरचं पूर्ण नाव होतं. चालू महिन्याचे सगळे अहवाल गेले. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून एका दिवसाचंच काम परत करावं लागलं, पण ते ज्यांना करावं लागलं त्यांच्यासमोर उभं राहून सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं.

टॅबने त्या रात्रीही मला सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं. नाव एकमेव असेल, दुसरं काही जुळतच नसेल, तर टॅब फोल्डरच्या शेवटी स्लॅश लावतो आणि फाइलच्या शेवटी एक स्पेस सोडतो. अजून फाटे फुटत असतील तर काहीच लावत नाही, कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून राहतो. तेव्हापासून मी आरएम आणि एमव्हीच्या वेळी नाव वाचायच्या आधी त्याचं शेपूट बघतो. स्लॅश आली नाही तर हात एंटरवर जात नाही, अजून दोनदा टॅब, मग एकदम दोन्ही नावं खाली दिसतात.

तुमच्याकडे दिवाळी आणि दिवाळी-दुरुस्त अशी नावं नक्की असणार. एकदा बघून ठेवा.

आणि नावात स्पेस किंवा कंस असतील तर टॅबवरच सोडा. अंक (दुरुस्त) नावाची फाइल तो अंक\ \(दुरुस्त\) अशी लिहून देतो, ते उलटे स्लॅश हाताने घालायला गेलात तर एखादा राहतोच, आणि स्पेसच्या आधीचा राहिला की आरएमला ती एक फाइल न वाटता दोन वाटतात. उलटे स्लॅश डोळ्यांना बोचत असतील तर नावाच्या आधी अवतरण चिन्ह टाकून मग टॅब दाबा, आतलं नाव साधं राहतं आणि फाइल एकमेव असली की शेवटचं अवतरण तोच बंद करतो.

काळी_खिडकी

नाइटशिफ्ट यांच्या शेपटाच्या मुद्द्याला +१. हे कुठल्याच शिकवणीत कोणी सांगत नाही आणि पहिल्या दिवशी सांगायला हवं.

दोनदा टॅब दाबायचा कंटाळा असेल तर होममध्ये .इनपुटआरसी नावाची फाइल करा, ती रीडलाइनच्या सेटिंगची, आणि त्यात एक ओळ लिहा, सेट शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन. मग फाटे फुटत असतील तर पहिल्याच टॅबला यादी खाली येते, आणि अहवालसारखा प्रकार झाला की लगेच समोर दिसतं. दुसरी ओळ सेट कलर्ड-स्टॅट्स ऑन, त्याने यादीत फोल्डर आणि फाइल वेगळ्या रंगात येतात. इंग्रजी नावं असतील तर सेट कम्प्लीशन-इग्नोअर-केस ऑन पण लिहा, मोठी लिपी छोटी लिपी बघत नाही मग, मराठीला त्याची गरज नाही. फाइल सेव्ह केली की कंट्रोल एक्स आणि लगेच कंट्रोल आर, परत लॉगिन करावं लागत नाही. एक काळजी घ्या, होममध्ये स्वतःची .इनपुटआरसी केली की रीडलाइन /इटीसी मधली सगळ्यांची इनपुटआरसी वाचत नाही, म्हणून पहिली ओळ $इन्क्लूड /इटीसी/इनपुटआरसी अशी द्या, नाहीतर होम आणि एंडची बटणं काही ठिकाणी रुसतात.

आणि हे तुम्हाला नक्की आवडेल. तुम्ही रोजच्या कामासाठी छोट्या स्क्रिप्ट केल्या असतील ना, त्यांनाही टॅब शिकवता येतो. समजा तुमची अंक नावाची स्क्रिप्ट आहे, हो, कमांडचं नाव मराठीत चालतं, आणि तिला प्रकार सांगायचा असतो. .बॅशआरसीमध्ये एवढंच लिहा:

कम्प्लीट -डब्ल्यू "दिवाळी वासंतिक विशेषांक" अंक

कम्प्लीट आणि डब्ल्यू अर्थातच इंग्रजी अक्षरांत, डब्ल्यू कॅपिटल. नवीन टर्मिनल उघडून अंक लिहा, स्पेस, दि आणि टॅब, दिवाळी येईल. नुसता व लिहून टॅब दाबलात तर काही भरणार नाही, कारण वासंतिकमध्ये पुढे काना आहे आणि विशेषांकमध्ये वेलांटी, दोन्ही नावं खाली दाखवेल. या तीन शब्दांखेरीज फाइलची नावंही यायला हवी असतील तर कम्प्लीटच्या पुढे हायफन ओ डीफॉल्ट जोडा, तीन शब्दांतलं काही जुळलं नाही की तो फाइल शोधायला लागतो. ग्रंथपाल काका स्वतः सर्व्हरवर बसणार असतील तर त्यांच्यासाठी हे करून द्याच. कुठले शब्द चालतात हे पाठ करायला लागत नाही, टॅब दाबला की समोर.

ही सोय बॅशमध्ये २००० साली आली, २.०४ आवृत्तीत. बॅश स्वतः १९८९चा, ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिलेला. पण नाव पूर्ण करून देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, पीडीपी-१० या मशीनवर टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची, तिच्यात एस्केप दाबला की अर्धवट शब्द पूर्ण व्हायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केन ग्रीअर यांनी ते सीशेल नावाच्या जुन्या शेलमध्ये आणलं, म्हणून त्या शेलच्या नावात पुढे टी लागला, टीसीशेल, टी टेनेक्सचा. मला हे सांगावंसं वाटतं कारण आपण टॅब इतका गृहीत धरतो, आणि कोणीतरी बसून विचार केला होता की माणसाने आख्खं नाव का टाइप करावं, मशीनला ते आधीच ठाऊक आहे.

अक्षरवेल

एक राहिलं होतं. सर्व्हरवर लोकेल ही कमांड चालवा, ती भाषा आणि अक्षरांची सेटिंग दाखवते. त्यात यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, दिसायला हवं. पॉझिक्स दिसलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा आकडे दिसू शकतात. लँग सी.यूटीएफ-८ केलं की पुरे. तुम्हाला नावं नीट दिसतायत म्हणजे बहुतेक ठीकच असेल.

पुस्तकवेडा

आज रविवार, सकाळपासून हेच करत होतो. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून बघितलं.

अक्षरवेल ताई, तुमचा आकडा बरोबर ५० निघाला. आणि दोन्ही फोल्डरची गोष्ट वेगवेगळी आहे! दुसऱ्यामध्ये ई२ ८० ८डी निघालं, म्हणजे ते जोडचिन्ह. तिसऱ्यामध्ये ई० ए४ बीसी, म्हणजे नुक्ता. मग आठवलं, दुसऱ्या कपाटाचं काम मी फोनवर नावं लिहून, तिथून कॉपी करून केलं होतं, आणि तिसऱ्या कपाटाचं ग्रंथपाल काकांच्या भाच्याने केलं, त्याच्याकडे जुना मॅक आहे, तो तिथून थेट सर्व्हरवर पाठवायचा. तुमच्या मते मॅकचा काही संबंध असेल का?

नाइटशिफ्ट, तुमचं वाचून मी लगेच बघितलं. दिवाळी-१९७१ आणि दिवाळी-१९७१-मूळ अशी दोन आहेत आमच्याकडे, आणि मूळ म्हणजे न दुरुस्त केलेले पहिले स्कॅन. आधी पेनड्राइव्हवर सगळ्याची कॉपी घेतली, मग बाकीचं.

अक्षरवेल

आहे ना. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवतानाच अक्षरं सुटी करते, ऱ लिहिला तरी र आणि नुक्ता असंच ठेवते. त्याने बरोबरच टाइप केलं असेल. यापुढे त्याच्याकडून काही आलं की एकदा कन्व्हएमव्ही फिरवत जा, बास.

पुस्तकवेडा

फिरवलं. तिसऱ्याच्या आत आणखी ४१ फाइल निघाल्या त्याच प्रकारच्या, "वऱ्हाड" आणि "कऱ्हाड" नावात असलेल्या सगळ्या. दुसऱ्याचं नाव एमव्हीने बदललं, एमव्ही दु, टॅब, शेवटी स्लॅश आली ती बघितली, मग नवीन नाव हाताने. आता सीडी दुसऱ्या लिहून टॅब दाबला की जातो आत.

अंकची ती ओळ पण .बॅशआरसीत टाकली. संध्याकाळी काका आले होते, त्यांना खुर्चीत बसवून व लिहायला लावलं आणि टॅब दाबा म्हटलं, वासंतिक आणि विशेषांक दोन्ही खाली आले तर म्हणाले हे कार्डांच्या खणासारखं आहे, आणि मग स्वतःच काना देऊन परत टॅब दाबला.